जिंदा राउंड नाही, खाली खोखा नाही: मराठी चित्रपटकर्त्यांना एका माजी सैनिकाचं खुलं पत्र

प्रति,
मराठीत कौटुंबिक चित्रपट लिहिणारे, दिग्दर्शित करणारे आणि त्यांत पैसा घालणारे सर्वजण,

जय हिंद.

मी सातारा जिल्ह्यातला. 1988 साली मराठा लाईट इन्फंट्रीत भरती झालो आणि 2014 साली नायब सुभेदार म्हणून पेन्शनवर आलो. त्यानंतर दहा वर्षं एका बँकेच्या दारात बारा बोअरची बंदूक घेऊन उभा राहिलो. म्हणजे छत्तीस वर्षं या ना त्या प्रकारचं हत्यार माझ्या हातात होतं. चित्रपट कसा बनतो ते मला कळत नाही. पण बंदूक कशी धरतात आणि ती धरणारा माणूस घरी आल्यावर कसा असतो, एवढं मला पक्कं ठाऊक आहे. लिहितोय ते या दोनच गोष्टींबद्दल.

गेल्या दिवाळीत लेक माहेरी आली होती. ती, सात वर्षांचा नातू, सौ. आणि मी, असे चौघं तालुक्याच्या थेटरात एक कौटुंबिक चित्रपट बघायला गेलो. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण तक्रार त्या एका चित्रपटापुरती नाही. त्यात नायिकेचे वडील रिटायर्ड मिलिटरीवाले. पिळदार मिशा, उठता-बसता 'डिसिप्लिन, डिसिप्लिन' म्हणून ओरडणं, संध्याकाळ झाली की कॅन्टीनची रम, आणि बैठकीच्या भिंतीवर दुनळी. पोरीचा हात मागायला मुलगा आला, की हे गृहस्थ बंदूक खाली काढतात, बोट ट्रिगरवर ठेवतात आणि नळी त्या पोराच्या छातीला लावतात. पुढं झटापट होते, गोळी सुटते, छताचा पंखा खाली येतो. थेटर हसून हसून लोळतं.

आमच्या ओळीत शेवटच्या दोन खुर्च्यांवर माझ्याच पलटणीतल्या एका जवानाची बायको आणि तिचा मुलगा बसले होते. तो जवान 1999 साली गेला. मी त्यांच्याकडे बघायचं टाळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नातू अंगणात किल्ल्यापाशी खेळत होता. दिवाळीला त्याला टिकल्यांचं पिस्तूल आणलं होतं. ते हातात देताना मी त्याला तीन गोष्टी सांगितल्या होत्या. नळी कायम जमिनीकडे, बोट ट्रिगरच्या बाहेर, आणि खेळून झालं की टिकल्यांचा रोल काढून डबीत ठेवायचा. दोन दिवस त्यानं हे इतकं मनापासून पाळलं, की शेजारच्या पोरांनाही तो शिकवायला लागला होता. त्या सकाळी मात्र पिस्तूल चड्डीच्या इलॅस्टिकमध्ये खोचलेलं होतं, रोल आतच, आणि नळी त्याच्या स्वतःच्या मांडीवर टेकलेली. मी म्हटलं, "असं ठेवतात का रे?" तर म्हणाला, "पिक्चरमधले आजोबा असंच ठेवतात."

मला राग त्याचा आला नाही. तुमचा आला. म्हणून हे पत्र.

तुमच्यापैकी कुणी फौजेची फायरिंग रेंज पाहिली आहे का? पाहिली नसेल तर थोडं सांगतो, कारण माझं सगळं म्हणणं तिथंच सुरू होतं. सकाळी लवकर लाल झेंडे चढवले जातात, म्हणजे आसपासच्या गुराख्यांना कळावं की आज इकडे फिरकायचं नाही. प्रत्येकाला गोळ्या मोजून मिळतात. मग जमिनीवर पालथं पडायचं, डावी कोपर घट्ट रोवायची, गाल रायफलच्या बटाला टेकवायचा. उस्ताद, म्हणजे आमचे शिकवणारे, सांगतात, "शिस्त लो." फौजेच्या भाषेत शिस्त म्हणजे नेम. आम्हा मराठी पोरांना शिस्त म्हणजे काय ते घरून ठाऊक होतं, आणि दोन्ही अर्थ पहिल्याच दिवशी एकमेकांत मिसळून गेले. श्वास अर्धा सोडून धरला नाही, मन दुसरीकडे असलं, मागच्या गोळीचा राग डोक्यात असला, तर नेम लागत नाही. चिडलेल्या माणसाला गोळी मारता येत नाही, हे मी अठराव्या वर्षी शिकलो. तुमच्या चित्रपटात बंदूक हातात येते तीच मुळी माणूस चिडल्यावर.

गोळ्या संपल्या की खरं काम सुरू होतं. मॅगझिन काढायचं, रायफल खाली, म्हणजे रिकामी, करायची, नळी सुरक्षित दिशेला धरून तपासून दाखवायची. मग खोखे वेचायचे. खोखा म्हणजे गोळी सुटल्यावर बाहेर पडणारं पितळी टरफल. दहा गोळ्या घेतल्या तर दहा खोखे परत द्यायचे. नऊ चालत नाहीत.

रंगरूट असताना एकदा माझे नऊच भरले. मी पुन्हा मोजले, उस्तादांनी मोजले, नऊच. सगळी प्लाटून एका रांगेत गुडघ्यांवर बसली आणि गवत बोटांनी विंचरत पुढं सरकू लागली, बायका केसांतून फणी फिरवतात तशी. जेवणाची वेळ टळली. कुणी मला एक शब्द बोललं नाही, आणि तेच जास्त लागत होतं. उन्हं कलली तेव्हा तिसऱ्या रांगेतल्या एका पोराला जमिनीच्या भेगेत उभा अडकलेला तो खोखा दिसला. करंगळीएवढा रिकामा पितळी तुकडा. उस्तादांनी तो माझ्या तळहातावर ठेवला आणि म्हणाले, "गिन." मी मोजले. दहा.

त्यानंतर रेंज सोडण्यापूर्वी प्रत्येक जण जे वाक्य मोठ्यानं म्हणतो, ते मी त्या दिवशी पहिल्यांदा समजून म्हटलं: "मेरे पास कोई जिंदा राउंड या खाली खोखा नहीं है." जिंदा राउंड म्हणजे न सुटलेली गोळी. सव्वीस वर्षांत हे वाक्य किती वेळा म्हटलं असेल, देव जाणे. अजूनही कधी शेतातून घरी येताना खिसे चाचपले, की ते आपोआप ओठांवर येतं.

मग रायफल साफ करायची. पुलथ्रूच्या दोरीला चिंदी लावून नळीतून ओढायची. पहिली चिंदी काळी निघते, दुसरी करडी, आणि एखादी पांढरी निघेपर्यंत थांबायचं नाही. मग तेलाचा हात, आणि कोतात जमा. कोत म्हणजे हत्यारांची कोठी. तिथं नंबर बघून, रजिस्टरवर सही करून रायफल ताब्यात द्यायची, आणि जवान मोकळ्या हातानं जेवायला जातो. माझ्या पहिल्या एसएलआर रायफलचा नंबर मला आजही पाठ आहे. लग्नाची तारीख सौ. आठवण करून देते.

इतकं सविस्तर सांगितलं, कारण यातलं काहीही मी आजवर मराठी पडद्यावर पाहिलेलं नाही. गोळी सुटताना शंभरदा पाहिली. बंदूक खाली होताना, मोजली जाताना, कुलपात जाताना एकदाही नाही. मुलांच्या डोक्यात बंदुकीचं चित्र तयार होतं ते पहिल्या निम्म्या भागातून. दुसरा निम्मा भाग, जो आमच्या आयुष्याचा मोठा भाग आहे, तो तुम्ही कापूनच टाकता.

कुणी म्हणेल, मुलांच्या चित्रपटात बंदूक हवीच कशाला? मला हे म्हणणं समजतं. आपल्याकडे परवाना मिळायला पोलीस पडताळणी लागते, आणि ती असायलाच हवी. 2019 साली शस्त्र कायद्यात दुरुस्ती झाली, एका परवान्यावर तीनऐवजी दोनच हत्यारं ठेवता येतात, आणि लग्नात-मिरवणुकीत हवेत गोळीबार केला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड. चांगलं झालं. घरोघरी बंदुका याव्यात असं मला मुळीच वाटत नाही. पण मुलांना बंदूक दिसणार नाही, हा भ्रम आहे. ती मोबाइलच्या खेळात आहे. गावठी कट्टा हातात घेऊन काढलेल्या रीलमध्ये आहे. तलवारीनं वाढदिवसाचा केक कापणारी पोरं आमच्या चौकात आहेत आणि त्यांना बघायला नातवाच्या वयाची मुलं गोळा होतात. त्या सगळ्यात बंदूक म्हणजे मस्ती, बंदूक म्हणजे दरारा. दुसरं चित्र दाखवणारं कुणी नसेल, तर मुलं पहिलंच खरं मानणार. आता सेन्सॉर बोर्ड यूए प्रमाणपत्रात सात, तेरा आणि सोळा अशी वयं घालतं. वय घालून मूल थेटरात आलं, पुढं त्यानं काय बघायचं ते तुमच्या हातात आहे.

आणि दुसरं चित्र आपल्या मातीत नाही असंही नाही. खंडेनवमीला आपण काय करतो? शेतकरी नांगर-कुळव मांडतो, शिंपी मशीन पुसतो, एसटीचा ड्रायव्हर स्टेअरिंगला हार घालतो. पलटणीतही दसऱ्याला हत्यारं रांगेनं मांडून पूजा होते, हळद-कुंकू लागतं, आपट्याची पानं वाहिली जातात. त्या रांगेत उभं असताना मला कधी 'ताकद' वाटली नाही. ज्याच्या भरवशावर आपण आणि शेजारचा जिवंत राहणार, ते अवजार नीट आहे ना, एवढंच मनात यायचं. वडील पेरणीआधी पाभरीचे फण तपासायचे, तसंच ते होतं. हे एका चित्रपटात, एका मिनिटात दाखवता येईल.

तुम्हाला बंदूक आणि घर एकत्र दाखवायचंच असेल, तर कोल्हापूर जिल्ह्यात जा. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे 2024 साली पॅरिसच्या ऑलिंपिकला पन्नास मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक घेऊन आला. तेव्हा रेल्वेत तिकीट तपासनिसाची नोकरी करणारा पोरगा. गुडघ्यावर, पालथं पडून आणि उभं राहून, अशा तिन्ही अवस्थांत पन्नास मीटरवरच्या दहाच्या वर्तुळावर गोळी मारायची. ते वर्तुळ साडेदहा मिलिमीटरच्याही आत असतं. शर्टाचं बटण समजा. खाशाबा जाधवांनी 1952 साली हेलसिंकीत पदक मिळवलं, त्यानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळायला बहात्तर वर्षं गेली, आणि ते रायफलवर मिळालं. त्याच जिल्ह्यातली तेजस्विनी सावंत 2010 साली म्युनिकला जगज्जेती झाली. राही सरनोबतनं 2018 च्या एशियाडमध्ये पिस्तुलात सुवर्ण जिंकलं. या तिघांच्या हातातली बंदूक शांत आहे. एवढ्या शांततेत किती नाट्य असतं, ते तुम्हा मंडळींना मी काय सांगावं.

आता माणसाबद्दल.

पडद्यावर सैनिकाला दोनच जागा दिल्या आहेत. एक सीमेवर, गणवेशात. दुसरी भिंतीवर, हार घातलेल्या फोटोत. जो जिवंत परत येतो त्याचं काय करायचं, हे तुम्हाला सुचत नाही, म्हणून त्याला एक तर बेवडा करता, नाहीतर विदूषक. देशात दरवर्षी साठ हजारांच्या आसपास जवान पेन्शनवर येतात. बहुतेक जण पस्तीस ते पंचेचाळिशीतले. त्या वयात तुमचा नायक अजून नायकच असतो. आमचा मात्र लगेच 'आजोबा' होतो आणि सोफ्यावर बसून ओरडायला लागतो.

यातले बहुतेक घरी येतात तेव्हा घरात त्यांची जागाच नसते. ही गोष्ट मी अनुभवानं सांगतो, आणि ही गोष्ट युद्धाहून अवघड आहे. वर्षाला दोन महिन्यांची रजा, तीसुद्धा कधी तुकड्या-तुकड्यांत. माझ्या लेकीची दहावी होईपर्यंत शाळेच्या प्रगतिपुस्तकावर 'पालकाची सही' म्हणून सगळीकडे तिच्या आईचीच सही. विहिरीची मोटर जळली, सासू आजारी पडली, भावकीत बांधावरून भांडण झालं, सगळं तिनं एकटीनं निस्तरलं. मी पेन्शनवर आलो त्या आठवड्यात चहा करायला स्वयंपाकघरात गेलो आणि विचारलं, "साखर कुठंय?" ती पोळ्या लाटत होती. वर न बघता म्हणाली, "शोधा. मी वीस वर्षं सगळं शोधूनच घेतलं."

त्यात राग नव्हता, थकवा होता. मला तिच्या शेजारी उभं राहायला शिकायला दोन वर्षं लागली. गॅसचा नंबर लावणं, लाईटबिल, डेअरीचा हिशेब, कुठल्या नातेवाइकाच्या घरी किती आहेर करायचा. सव्वीस वर्षं पहाटे साडेचारला उठायची सवय, आणि घरात सगळे झोपलेले. मी चादरीच्या घड्या कोपऱ्याला कोपरा जुळवून घालायचो, ते बघून लेक हसायची. एक दिवस तिनं तिच्या कॉलेजच्या ओढण्या आणून माझ्यापुढं ठेवल्या आणि म्हणाली, "ह्याही तशाच घाला." आमच्या घरात बाप परत आला तो त्या दिवशी.

अशी गोष्ट महाराष्ट्रातल्या हजारो घरांत आहे. सातारा, सांगली, कोल्हापूर, नगर, रायगड, कुठलाही तालुका घ्या. बंदुकीची एक गोळी न सुटता यावर कौटुंबिक चित्रपट होतो. नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला बँकेत रांगेत उभे असलेले म्हातारे जवान बघा. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात मुलीच्या शिष्यवृत्तीचा अर्ज घेऊन आलेली वीरपत्नी बघा. वॉचमनच्या खुर्चीत बसलेला तो माणूस बघा, ज्याला सोसायटीतली मुलं 'मामा' म्हणतात आणि ज्यानं सियाचीनवर हिवाळा काढलेला असतो. त्याला बोलतं करायला एक कप चहा पुरतो.

रमबद्दलही सांगतो, कारण ते खोटं आहे असं म्हटलं तर तुम्ही माझ्या बाकीच्या बोलण्यावरही विश्वास ठेवणार नाही. कॅन्टीनचा कोटा असतो. काही जण पितात, काही जणांचं त्यात वाटोळंही झालं. पण गावात पिणारे काय फक्त फौजी आहेत? पडद्यावर मात्र दारूची बाटली आणि मिलिटरीची टोपी जोडीनंच येतात.

माझा एक मित्र आहे, शेजारच्या गावचा. लढाईत त्यानं जे पाहिलं ते तो बोलत नाही, आणि आम्ही विचारत नाही. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी पूजा झाली, की तो म्हशी घेऊन लांबच्या रानातल्या वस्तीवर जातो आणि तिकडंच झोपतो. सुतळी बॉम्बचा आवाज त्याला सोसत नाही. एखादा लेखक हे पात्र हाती घेईल तर त्याला वेडा करील, रात्री किंचाळत उठवील, बायकोचा गळा धरायला लावील. खरं काय झालं ते सांगतो. तीन वर्षांपूर्वी त्याच्या नातवंडांनी आपसांत ठरवलं, की आपण फुलबाज्या आणि भुईचक्रच आणायचे. गल्लीतल्या पोरांनाही त्यांनी पटवलं. आता पाडव्यापर्यंत त्या गल्लीत मोठा आवाज होत नाही. मित्र त्या वर्षी पहिल्यांदा लक्ष्मीपूजनाला रात्री घरी थांबला, ओट्यावर बसून भुईचक्र बघत. मुलांना त्यांच्या आजोबांचं दुखणं कुणी समजावून सांगितलं नव्हतं. त्यांनी ते बघून ओळखलं होतं. थेटरात बसलेली मुलंही तेवढीच शहाणी असतात, त्यांच्यावर भरवसा ठेवा.

पराक्रम दाखवू नका असं मी म्हणणार नाही. मी गणपतच आहे, आम्हा मराठा जवानांना फौजेत लाडानं तसंच म्हणतात. सातारा तालुक्यातल्या आपशिंगे गावातले 46 जण पहिल्या महायुद्धात गेले, आणि त्या गावाच्या नावातच 'मिलिटरी' लागलं. माणगावला यशवंत घाडगे यांचा पुतळा आहे. 10 जुलै 1944 रोजी इटलीत त्यांच्या सेक्शनमधले सगळे मारले गेले किंवा घायाळ झाले, तेव्हा हा बावीस वर्षांचा नाईक एकटा मशीनगनवर धावून गेला आणि ती बंद पाडून तिथंच पडला. हे दाखवा, मुलांना दाखवाच.

पण नामदेव जाधव यांची गोष्ट जास्त बारकाईनं वाचा. तेही आपल्याच रेजिमेंटचे, नगर जिल्ह्यातले, साधे शिपाई. 9 एप्रिल 1945 ला इटलीतल्या सेनिओ नदीच्या बांधावर त्यांची तुकडी जवळजवळ संपली. दोघे जण जखमी होऊन पडले होते. नामदेवांनी गोळ्यांच्या माऱ्यात एकेकाला उचलून खोल पाण्यातून, उभ्या चढावरून, सुरुंगांच्या पट्ट्यातून सुरक्षित जागी नेलं. मग ते परत फिरले आणि त्यांनी तीन मशीनगनची ठाणी मोडली. हाताला जखम झाल्यावर टॉमीगन टाकून दिली आणि हातबॉम्ब घेतले. शेवटी बांधावर चढून आरोळी दिली आणि मागच्यांना बोलावलं. व्हिक्टोरिया क्रॉस हे इंग्रजांच्या फौजेचं सर्वांत मोठं शौर्यपदक मिळालं. जिवंत परत आले, 1984 साली गेले. क्रम बघा: आधी दोन जखमी, नंतर मशीनगन. तुमच्या पटकथेत हा क्रम उलटा होईल, नाहीतर जखमी कापलेच जातील. आणि युद्धानंतरच्या चाळीस वर्षांना तर कात्रीच लागेल, ज्यात व्हिक्टोरिया क्रॉसवाला माणूस चारचौघांसारखा घरसंसार करत होता. मला विचाराल तर चित्रपट त्या चाळीस वर्षांत आहे.

मुरलीकांत पेटकर सांगली जिल्ह्यातले. 1965 च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखालचं शरीर निकामी झालं. फौजेत बॉक्सिंग करायचे, पुढं पोहायला लागले आणि 1972 साली हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये भारताला पहिलं सुवर्णपदक मिळवून दिलं. त्यांच्यावर मोठा चित्रपट आला, 2024 साली, हिंदीत. चांगलं झालं, पण सांगलीच्या माणसाची गोष्ट आधी मराठीत का आली नाही, हा प्रश्न मला सतावतो. पुण्याजवळ खडकीला कमरेखाली अधू झालेल्या जवानांचं पुनर्वसन केंद्र आहे. तिथले जवान चाकाच्या खुर्चीवर बसून बास्केटबॉल खेळतात, हात चालत नसतील ते तोंडात कुंचला धरून चित्रं काढतात. तुमचे स्टुडिओ तिथून काही तासांवर आहेत.

एक शेवटची विनंती तुमच्या सेटबद्दल आहे, आणि ती काळजीपोटी आहे. 2021 साली अमेरिकेत न्यू मेक्सिकोमध्ये एका चित्रपटाच्या तयारीत, पिस्तूल सुरक्षित आहे असं सांगून नटाच्या हातात दिलं गेलं. त्यात जिवंत गोळी होती. हॅलिना हचिन्स या छायाचित्रण करणाऱ्या बाई, एका लहान मुलाची आई, गेल्या. फौजेत 'खाली आहे' हे कुणाचंही तोंडी सांगणं चालत नाही, स्वतः सुभेदारसाहेबांचंही नाही. हातात घेणारा स्वतः उघडून बघतो. तुमच्या सेटवर बंदुकीचं दृश्य असेल त्या दिवशी एक जाणता माजी सैनिक उभा करा. तो नटाला बोट कुठं ठेवायचं ते शिकवील, दृश्यही खरं दिसेल आणि संध्याकाळी सगळे घरी जातील. जिल्ह्याजिल्ह्यात आमच्या संघटना आहेत, अशी माणसं विचारलं तर मिळतात.

बँकेतल्या माझ्या शेवटच्या दिवशी संध्याकाळी शटर खाली आल्यावर मी बंदूक उघडली, दोन्ही काडतुसं काढली आणि मॅनेजर मॅडमच्या हातात मोजून दिली. त्यांनी रजिस्टर पुढं केलं, मी सही केली. मॅडम नव्या होत्या, वयानं माझ्या लेकीएवढ्या. त्यांनी काडतुसं तळहातावर तशीच धरून ठेवली आणि विचारलं, "काका, दहा वर्षांत एकदाही चालवली नाही?" मी म्हटलं, "नाही. तेवढ्यासाठीच तर रोज आणत होतो." त्या रात्री मला फार शांत झोप लागली.

आमच्या गावच्या कालव्याच्या रस्त्यावर रोज पहाटे पाच वाजता भरतीची पोरं-पोरी धावतात. सध्या अकरा पोरं आणि चार पोरी आहेत. आम्ही दोघं-तिघं जुने त्यांना शिकवतो: धावणं, दोरावर चढणं, आणि लाकडी डमी रायफल खाली कशी ठेवायची. कथेच्या शोधात असाल तर या. सहाला धावणं संपतं, नंतर आमच्या ओट्यावर चहा असतो. साखर कुठं आहे ते आता मला ठाऊक आहे.

आपला,
एक माजी नायब सुभेदार, मराठा लाईट इन्फंट्री
जि. सातारा